‘मध्यम’ शिक्का मारलेल्या त्रुटींबद्दल, ड्रायव्हर बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सुरक्षा विभाग,
चिप बनवणाऱ्या, ड्रायव्हर लिहिणाऱ्या आणि ते आपल्या नावाच्या संगणकांत व फोनमध्ये घालून विकणाऱ्या सर्व कंपन्या

स. न. वि. वि.

पत्राला निमित्त झालं एका सुरक्षा सूचनेचं. आमच्या संस्थेतल्या बऱ्याच संगणकांवर जो ड्रायव्हर (हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला दुवा असलेला प्रोग्रॅम) चालतो, त्यात त्रुटी सापडल्याचं त्याच्या कंपनीनं जाहीर केलं. सूचना मोजक्या ओळींची होती. स्थानिक वापरकर्त्याला कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, मेमरीतली माहिती दिसू शकते, तीव्रता मध्यम, ग्राहकांनी ताजी आवृत्ती वापरावी, आणि त्रुटी कळवणाऱ्या संशोधकाचे आभार. ताजी म्हणजे कितवी, ती कोणत्या फाइलची, आमच्या मॉडेलला मिळणार की नाही, याचा कुठेच पत्ता नाही. ईमेल करून विचारलं तर ‘संगणक ज्यांच्याकडून घेतला त्यांना विचारा’ असं उत्तर आलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, या मॉडेलचा सपोर्ट संपलाय, आणि तशीही त्रुटी मध्यमच आहे. दोन्हीकडे माझी तक्रार ‘निकाली’ असा शेरा मारून बंद झाली.

त्या कंपन्यांची नावं इथे घेत नाही. घेतली तर बाकीचे सगळे हुश्श करतील, आणि वागणूक तर बहुतेकांची तीच आहे.

संस्थेतल्या संगणकांची देखभाल ही माझी नोकरी. या यंत्रांवर लोकांचे पगार, आजारपणाची कागदपत्रं, ओळखपत्रांच्या प्रती असतात. एकाच यंत्रावर दिवसभरात वेगवेगळे लोक आपापल्या खात्यानं लॉगिन करतात. तुमच्या सूचनेतला ‘स्थानिक वापरकर्ता’ हा शब्द वाचून कुणाला हायसं वाटत असेल, मला वाटत नाही. आमच्याकडे प्रत्येक जण स्थानिक वापरकर्ताच आहे. आणि एखाद्यानं ईमेलमधलं नको ते जोडपत्र उघडलं, की त्यातून सुरू झालेला प्रोग्रॅमही त्याच्याच अधिकारानं चालतो. तोही स्थानिकच.

तक्रारींकडे वळण्याआधी, हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगते. ‘माहिती उघड होणे’ या मुळमुळीत शब्दांमागे नेमकं काय होतं, हे सूचनेत कधीच नसतं.

ड्रायव्हर कर्नलच्या अधिकारानं चालतो. साधा प्रोग्रॅम त्याला विनंती करतो, ‘अमुक माहिती दे, ही घे ६४ बाइटांची जागा’. ड्रायव्हर कर्नलच्या मेमरीतून ६४ बाइट घेतो, त्यात ४० बाइटांचं उत्तर भरतो आणि ६४ च्या ६४ परत पाठवतो. उरलेल्या २४ बाइटांत आधी तिथे जे काही होतं ते जसंच्या तसं जातं. पाटी न पुसताच पुढच्या मुलाच्या हातात द्यावी, तसं. विंडोजमध्ये याचा एक अगदी साधा प्रकार घडतो. विनंती आणि उत्तर दोन्हींसाठी कर्नल एकच बफर (मेमरीतली तात्पुरती जागा) वापरतो, आणि ‘मी किती बाइट लिहिले’ हा आकडा शेवटी ड्रायव्हर सांगतो. सिस्टीम त्यावर विश्वास ठेवते आणि तेवढे बाइट प्रोग्रॅमच्या हवाली करते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं तिथे खरोखर लिहिलेल्या बाइटांऐवजी बफरची पूर्ण लांबी टाकली की संपलं. कोडमधली एक ओळ, एक आकडा. काहीही कोसळत नाही, निळा पडदा येत नाही, चाचणीत उत्तरही बरोबरच येतं.

याहून छुपा प्रकार म्हणजे रचनेतल्या (माहितीची अनेक क्षेत्रं एकत्र ठेवणाऱ्या साच्यातल्या) फटी. ६४ बिटांच्या यंत्रावर चार बाइटांच्या आकड्यापाठोपाठ आठ बाइटांचं क्षेत्र आलं, तर कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) मध्ये चार बाइटांची मोकळी जागा सोडतो. लिहिणाऱ्यानं प्रत्येक क्षेत्र इमानदारीनं भरलेलं असतं. फट मात्र कुणीच भरत नाही, कारण कोडमध्ये तिला नावच नसतं. अख्खी रचना बाहेर कॉपी झाली की फटीतला जुना माल तिच्यासोबत जातो. कोड डोळ्यांनी कितीही वाचा, हे दिसत नाही.

त्या जुन्या मालात काय असेल हे नशिबावर असतं. कधी कचरा, कधी दुसऱ्या प्रोग्रॅमचा मजकूर, कधी किल्लीचा तुकडा. आणि बऱ्याचदा कर्नलच्या आतले पत्ते. कर्नल मेमरीत कुठे बसलाय हे हल्लेखोराला कळू नये म्हणून प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना त्याची जागा बदलण्याची सोय आता सगळ्या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे. एक पत्ता फुटला की ती सोय त्या यंत्रावर निकामी होते. मग ज्याच्या हाती कर्नलमध्ये लिहिण्याची दुसरी एखादी त्रुटी आहे, त्याला अंदाजपंचे मारायची गरज उरत नाही.

आता तक्रारी.

पहिली, तुमच्या ‘मध्यम’ची. हा शिक्का कुठून येतो ते मला ठाऊक आहे. गुणांकनाच्या तक्त्यात गोपनीयतेला धक्का ‘उच्च’ लिहायचा, अखंडता आणि उपलब्धता यांच्यापुढे ‘काही नाही’, हल्ला स्थानिक, साधं खातं पुरेसं. बाकी उत्तरं नेहमीची असली की आकडा येतो दहापैकी ५.५. तक्ता चुकीचा नाही. तो एका वेळी एकाच त्रुटीकडे बघतो, इतकंच. हल्लेखोर तसं बघत नाही. तो एका त्रुटीतून पत्ता काढतो आणि दुसरीतून आत शिरतो. तुम्ही मात्र ५.५ हा आकडा ‘सवडीनं बघू’ अशा अर्थानं वाचता, आणि तुमचं बघून आमच्यासारख्यांचे वरिष्ठही तसंच वाचतात. महिन्याच्या बैठकीत मी ‘मध्यम’ म्हटलं की पुढचा विषय सुरू होतो.

यावर कुणी म्हणेल, साखळी वगैरे प्रयोगशाळेतल्या गोष्टी. तर एक नोंद. मार्च २०२३ मध्ये गुगलच्या धोका-विश्लेषण गटानं एक हल्ल्याची साखळी उघड केली. सॅमसंगचा ब्राउझर वापरणाऱ्यांच्या फोनवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर घालण्यासाठी ती वापरली जात होती. त्या साखळीत लिनक्स कर्नलच्या ध्वनी विभागातली एक त्रुटी होती, आणि तिच्या जोडीला आर्मच्या माली ग्राफिक्स ड्रायव्हरमधून कर्नलची माहिती गळणारी, सीव्हीई-२०२३-२६०८३ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिला जाणारा क्रमांक). या गळतीला अमेरिकेच्या राष्ट्रीय असुरक्षा नोंदवहीत गुण किती? ३.३. म्हणजे ‘मध्यम’सुद्धा नाही, ‘कमी’. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सिसानं, प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटींच्या यादीत ती टाकली. खऱ्या माणसांच्या खऱ्या फोनवर हल्ला, आणि गुण ३.३. हा आकडा बघून किती जणांनी ते अपडेट पुढे ढकललं असेल याची कल्पना मला करता येते, कारण तसे निर्णय मी रोज बघते.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठीच आहे. दुरुस्ती झाली की नाही, हे आम्हाला तपासता येत नाही.

तुम्ही लिहिता ‘ताजी आवृत्ती’. चांगल्यातल्या चांगल्या सूचनेतही हे किती गुंतागुंतीचं होतं बघा. २०२१ मध्ये एएमडीच्या सुरक्षा प्रोसेसरच्या ड्रायव्हरमध्ये नेमकी याच जातीची त्रुटी निघाली, सीव्हीई-२०२१-२६३३३. साध्या खात्यातून न पुसलेली भौतिक मेमरीची पानं वाचता येत होती. शोधणाऱ्या संशोधकानं चाचणीत कित्येक गिगाबाइट अशी पानं बाहेर काढल्याचं लिहिलं आहे. एएमडीनं दुरुस्ती दिली आणि आकडेही दिले, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण आकडे दोन होते. चिपसेट पॅकेज घेतलं तर ३.०८.१७.७३५, आणि विंडोज अपडेटमधून नुसता ड्रायव्हर आला तर ५.१७.०.०. डिव्हाइस मॅनेजर उघडणाऱ्याला दिसतो दुसरा, डाउनलोडच्या पानावर छापलेला असतो पहिला. दोन्ही ठाऊक असलेल्यालाच आपलं यंत्र सुरक्षित आहे की नाही ते कळणार. आमच्या वाट्याला आलेल्या सूचनेत यातला एकही नव्हता.

मग माणूस तारखेकडे बघतो. तारखेवर तर मुळीच जाऊ नये. इंटेलच्या चिपसेटच्या इन्फ फाइलींवर (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणाऱ्या) १८ जुलै १९६८ ही तारीख असते. ती कंपनीच्या स्थापनेची आहे आणि मुद्दाम घातलेली आहे, म्हणजे त्या सर्वसाधारण फाइलीनं दुसरा नेमका ड्रायव्हर दाबून टाकू नये. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ असते, तीही अशाच कारणानं. कारणं योग्य आहेत. पण ‘तारीख जुनी म्हणजे ड्रायव्हर जुना’ असं समजून घाबरणाऱ्याला आणि ‘तारीख नवी म्हणजे दुरुस्त’ समजून निर्धास्त झोपणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

बरं, आवृत्ती सापडली. ती चालू आहे का, हा पुढचा प्रश्न. डिस्कवर नवी फाइल आली म्हणजे मेमरीत नवा ड्रायव्हर आला असं नाही. लिनक्सवर ‘मॉडइन्फो’ ही आज्ञा डिस्कवरच्या फाइलची माहिती देते, चालू असलेल्या मॉड्यूलची (लिनक्समध्ये ड्रायव्हर बऱ्याचदा याच रूपात असतो) नाही. ती हवी तर ‘सिस’ फोल्डरात त्या मॉड्यूलच्या नावाखाली शोधावी लागते, आणि चालू कर्नलसाठी ‘यूनेम’ बघावं लागतं. शिवाय बहुतेक लिनक्स वितरणं दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत मागे आणून बसवतात, त्यामुळे वरवरचा आकडा जुनाच राहतो आणि खरं उत्तर त्या वितरणाच्या सीव्हीई यादीतच मिळतं. विंडोजवर ‘पीएनपीयुटिल’ किंवा ‘ड्रायव्हरक्वेरी’ चालवून यादी काढता येते. पण विंडोज ८ पासून आलेली झटपट सुरू होण्याची सोय चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल खरा बंद होतच नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. लोक रोज संध्याकाळी प्रामाणिकपणे संगणक बंद करतात आणि अपडेट मात्र अर्धवट लटकलेलं राहतं. ‘रीस्टार्ट’च करावं लागतं. हे एक वाक्य तुमच्या सूचनेत टाकायला काय लागतं? मी आमच्याकडे ते छापून प्रत्येक टेबलावर चिकटवलंय.

आणि जुनी फाइल. नवा ड्रायव्हर आल्यावर जुना जातो, हाही समजच आहे. विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये जुनी पॅकेजं पडून राहतात. काही ड्रायव्हर तर तात्पुरत्या फोल्डरात टाकलेले असतात आणि कुठल्याच यादीत दिसत नाहीत. डेलच्या फर्मवेअर अपडेटसोबत येणाऱ्या ‘डीबीयुटिल’ ड्रायव्हरचं प्रकरण आठवा. तो २००९ पासून वाटला जात होता, त्रुटी जाहीर झाली मे २०२१ मध्ये, सीव्हीई-२०२१-२१५५१. ती नुसत्या गळतीपेक्षा गंभीर होती. पण डेलनं त्या वेळी काय केलं ते मुद्दाम सांगते. फाइलचं नाव दिलं, ती कोणत्या फोल्डरांत सापडेल ते दिलं, ती हीच का हे ताडून बघायला हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे) दिले, आणि काढून टाकायला वेगळं साधन दिलं. मला त्या सूचनेवरून तासाभरात सगळ्या यंत्रांवर चालेल अशी स्क्रिप्ट लिहिता आली असती. म्हणजे हे जमतं. बारा वर्षं चुकलेल्या कंपनीलाही जमतं.

तिसरी तक्रार वाटेतल्या मुक्कामांची. त्रुटी चिपवाल्याच्या ड्रायव्हरमध्ये, ड्रायव्हर फोनवाल्याच्या पॅकेजमध्ये, आणि आम्ही टोकाला. २०२२ च्या जून-जुलैमध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटानं माली ड्रायव्हरमधल्या पाच त्रुटी आर्मला कळवल्या. त्यातल्या एकीतून भौतिक मेमरीचे पत्ते साध्या प्रोग्रॅमला दिसत होते. आर्मनं जुलै-ऑगस्टमध्येच दुरुस्त्या दिल्या, झटपट. नोव्हेंबरमध्ये प्रोजेक्ट झीरोनं तपासलं तर त्यांच्याकडचा माली असलेला एकही फोन दुरुस्त झालेला नव्हता. त्यात गुगलचा स्वतःचा पिक्सेलही होता! तोवर दुरुस्तीचा कोड उघड पडलेला होता. म्हणजे हल्लेखोराला खिडकी कुठे आहे ते दिसत होतं, आणि घरमालकाला कडी मिळालेली नव्हती. त्यानंतर किती सुधारणा झाली हे ज्यानं त्यानं आपापल्या वेळापत्रकाकडे बघून ठरवावं.

चौथी लहानशी आहे, पण मला चीड आणणारी. प्रभावित मॉडेलांची यादी गुपचूप वाढते. वर सांगितलेल्या एएमडीच्या प्रकरणातही प्रोसेसरांची यादी नंतर वाढवली गेली. तपास पुढे सरकला की यादी वाढणारच, त्याला माझी हरकत नाही. पण ज्यानं पहिल्या दिवशी यादी वाचून ‘आपण नाही त्यात’ असं म्हणून पान बंद केलं, त्याला ते कळायचं कसं? काही जण पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत बदलांची नोंद ठेवतात. काही जण तीही ठेवत नाहीत.

पाचवी तक्रार तुमच्या अभियंत्यांच्या टेबलावरची आहे. या जातीच्या त्रुटी टाळता येतात, आणि टाळायची साधनं आता नवी राहिलेली नाहीत. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं कर्नल मेमरी मागण्याची नवी पद्धत दिली, ती जागा आधी शून्यानं पुसूनच हातात देते. जुनी पद्धत तेव्हाच कालबाह्य म्हणून जाहीर झाली. लिनक्सच्या ५.३ आवृत्तीत, २०१९ मध्ये, मेमरी देताना किंवा परत घेताना पुसण्याचा पर्याय आला. न पुसलेली मेमरी वापरली गेली की बोंब ठोकणारं केएमसॅन हे साधन २०२२ अखेरीस ६.१ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलं. त्याच्याही आधी प्रोजेक्ट झीरोच्या मातेउश युरचिक यांनी अख्खी सिस्टीम एम्युलेटरमध्ये (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवून, कर्नलच्या मेमरीतला न भरलेला प्रत्येक बाइट कुठे जातो याचा माग काढला आणि विंडोज कर्नलमधल्या सत्तरहून अधिक गळत्या शोधल्या. मोठी, जुनी, हजारो डोळ्यांखालून गेलेली सिस्टीम, आणि तिच्यात इतक्या. तर मग एका कोपऱ्यातल्या टीमनं लिहिलेल्या, टचपॅडच्या किंवा पंख्याच्या वेगाच्या ड्रायव्हरात किती असतील? (पंख्याचा वेग बदलायला कर्नलमध्ये जाणारा प्रोग्रॅम कशाला लागतो, हा वेगळ्या पत्राचा विषय.) रचना भरण्याआधी ती पूर्ण शून्यानं पुसणं ही एक ओळ असते. ‘परफॉर्मन्स’चं कारण मला देऊ नका. सेटिंग वाचायला होणाऱ्या एका विनंतीत ६४ बाइट पुसायला किती वेळ लागतो हे तुम्हालाही माहीत आहे.

यावर तुमची दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं असं, की तपशील दिला तर हल्लेखोरांना मदत होते. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते काढणारी साधनं हल्लेखोरांकडे आहेत, आणि पॅच निघाला की ते पहिलं काम तेच करतात. तुमच्या मौनानं त्यांचं काही अडत नाही. आमचं अडतं, कारण आमच्याकडे ना तेवढा वेळ ना ते कौशल्य. त्रुटीचा उपयोग कसा करायचा हे मी विचारतच नाही. दुरुस्त फाइलचा आकडा विचारते आहे.

दुसरं उत्तर असं, की ग्राहकच अपडेट करत नाहीत. यात तथ्य आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलनं, ती वाचणाऱ्या कर्नल ड्रायव्हरमुळे, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. त्यानंतर कर्नलजवळचं काहीही बदलायचं म्हटलं की आमच्या वरिष्ठांच्या कपाळावर आठ्या येतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण मग तुम्ही काय करता? चार बाइटांची फट पुसणारी दुरुस्ती शेकडो मेगाबाइटच्या पॅकेजमध्ये घालता. त्यात नवा कंट्रोल पॅनेल, नवं जाहिरातवजा स्वागताचं पान, आणि खात्यात लॉगिन करण्याचा आग्रह. एक ओळ बदलायची म्हणून मी हे सगळं आमच्या यंत्रांवर सोडावं, अशी तुमची अपेक्षा असते. लोक बिचकतात ते याला.

आता मागण्या. अवघड एकही नाही.

प्रत्येक सूचनेत दुरुस्त ड्रायव्हर फाइलचं नाव, तिची आवृत्ती आणि हॅश द्या, आणि ती ज्या ज्या पॅकेजमधून येते त्या सगळ्यांचे आकडे शेजारी मांडा. हेच यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपातही द्या. सीएसएएफ नावाचं त्यासाठीचं मानक तयार आहे आणि काही मोठ्या कंपन्या ते वापरतातही. रीस्टार्ट लागतो का, जुनी फाइल कुठे उरते आणि ती कशी काढायची, हेही तिथेच लिहा. तपासणीची एक छोटी स्क्रिप्ट सोबत दिलीत तर तुमच्या हेल्पलाइनचाच वेळ वाचेल.

गळतीच्या त्रुटीला गुण देताना त्याच्या जोडीला एक सरळ वाक्य लिहा, की कर्नलचे पत्ते फुटतात की नाही आणि दुसऱ्या खात्याची माहिती दिसते की नाही. ५.५ हा आकडा राहू द्या. ते वाक्य वाचून प्राधान्य आम्ही ठरवू.

सुरक्षेची दुरुस्ती वेगळी द्या, नव्या सोयींच्या गाठोड्यात बांधून नको. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्यात, जो १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे हेच अपेक्षित आहे, आणि त्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. त्या बाजारासाठी तुम्हाला हे करावंच लागणार. मग तीच फाइल बाकीच्या जगाला देताना हात आखडता घेऊ नका.

सपोर्ट कधी संपणार ती तारीख विकतानाच खोक्यावर छापा. आणि सपोर्ट संपलेल्या मॉडेलमध्येही तोच ड्रायव्हर, तीच त्रुटी असेल, तर प्रभावित यादीत त्या मॉडेलचं नाव घाला आणि पुढे स्पष्ट लिहा, ‘दुरुस्ती देणार नाही’. कडू असेल, पण त्यावरून मला ते यंत्र नेटवर्कवरून काढायचा निर्णय घेता येईल. आज त्या मॉडेलचं नावच यादीत नाही, म्हणून माझे वरिष्ठ ते सुरक्षित समजतात. या पत्रातली सगळ्यात तातडीची मागणी हीच समजा.

संगणक आणि फोन विकणाऱ्यांना वेगळं सांगणं आहे. चिपवाल्याकडून दुरुस्ती आल्याची तारीख आणि ती तुम्ही ग्राहकाला दिल्याची तारीख, दोन्ही शेजारी छापा. बाकी काही करू नका, एवढंच करा. आणि यादी वाढली की ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांना ईमेल पाठवा. जाहिरातीचे ईमेल न चुकता पोचतात, त्यामुळे पत्ते तुमच्याकडे आहेतच.

जुन्या, डिजिटल सही असलेल्या सदोष ड्रायव्हरचं नाव मायक्रोसॉफ्टच्या, असे ड्रायव्हर चालूच होऊ न देणाऱ्या, अडवणूक यादीत स्वतःहून द्या. ती यादी विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून मुळातच चालू असते. तुमची फाइल तिच्यात गेल्यानं तुमची बदनामी होते अशी समजूत असेल, तर ती सोडा.

आमच्याकडचा संबंधित ड्रायव्हर, त्याची आवृत्ती आणि मॉडेलांची यादी दोन्ही कंपन्यांच्या सुरक्षा विभागाच्या पत्त्यावर या पत्रासोबत पुन्हा पाठवली आहे. मला दोनच गोष्टी कळवा. दुरुस्त फाइलचा आकडा काय, आणि या मॉडेलांना ती मिळणार की नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर तेही चालेल, मात्र ते सूचनेच्या पानावर छापलेलं हवं, माझ्या बंद झालेल्या तक्रारीत नको. उत्तर येईपर्यंत ती यंत्रं मी सामायिक वापरातून बाजूला काढून ठेवली आहेत. त्यामुळे ज्यांची गैरसोय झाली त्यांना कारण विचारल्यावर हेच पत्र वाचायला देणार आहे.

कळावे,
एका संस्थेतल्या संगणकांची देखभाल करणारी
तुमचीच एक ग्राहक